थोडं म्हणजे किती

सरांना जेवायला बोलावलं की वाढणाऱ्याची पंचाईत ठरलेली असायची. "सर, थोडा भात?" असं कोणी विचारलं की सर ताटावर आडवा धरलेला हात तसाच ठेवून वर बघायचे आणि शांतपणे विचारायचे, "थोडा म्हणजे किती?" वाढपी नवखा असला तर हसायचा, मुरलेला असला तर न ऐकल्यासारखं करून पुढच्या पानाकडे सरकायचा. एका लग्नात एका बिचाऱ्यानं "एक डाव" असं उत्तर दिलं. सरांनी त्याच्या हातातला डाव घेतला, त्याची खोली बघितली आणि मग आनंदानं दोन डाव भात घेतला. माणूस जेवायला मागे नव्हता. त्याला फक्त माप हवं असायचं.

सर जुन्नरचे. आमच्या ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. घराणं जुन्नरच्या मुसलमान कारागिरांचं, पण मराठी असं बोलायचे की पाठ्यपुस्तकालासुद्धा अवघडल्यासारखं व्हावं. अख्खा तालुका 'लई' म्हणायचा, सर 'अत्यंत' म्हणायचे. अकरावीच्या पोरापोरींनाही ते 'आपण' म्हणत. शिक्षा करतानाही "आपण जरा बाहेर उभे राहता का?" असं विचारायचे, आणि त्यामुळे बाहेर उभं राहायला जास्तच लाज वाटायची.

मी डिंगोऱ्याहून एसटीनं यायचे आणि उशिरा पोचायचे, म्हणजे मागचा बाक माझा. पण सरांच्या तासाला मागं बसून उपयोग नव्हता. फळ्यावर त्यांचं अक्षर इतकं बारीक असायचं की तिसऱ्या बाकानंतर फळा कोराच दिसे. आम्ही तक्रार केली तेव्हा सर म्हणाले, "अक्षर मोठं करता येईल, पण मग आपल्याला जवळ येण्याची सवय लागणार नाही." मी मुकाट्यानं पहिल्या बाकावर गेले. रसायनशास्त्र घेऊन पुढे एम.एस्सी. झाले ते विषयाच्या ओढीनं की त्या बाकामुळं, हे मला आजही सांगता येत नाही.

पहिल्या बाकावर बसल्याचा तोटा असा की प्रयोगाला सामान आपलंच जायचं. एकदा सरांनी माझ्याकडं एक केस मागितला. चिमटीत धरून वर्गाला दाखवला आणि म्हणाले, "याचे उभे ऐंशी हजार भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे साधारण एक नॅनोमीटर." मागून कोणीतरी विचारलं, "सर, कात्री कुठली घ्यायची?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. "प्रश्न अत्यंत योग्य आहे," म्हणाले, आणि उरलेला तास कात्रीवर घेतला. त्या मापाचं काम करायला कशी हत्यारं लागतात, तिथं वस्तूचा स्वभाव कसा बदलतो, सोनं तिथं लाल कसं दिसतं. तास संपल्यावर माझा केस त्यांनी कागदात गुंडाळून परत दिला.

कॉलेजमागच्या गटाराला अळू माजलं होतं. सर त्याचं एक पान आणून त्यावर ड्रॉपरनं पाणी टाकायचे. थेंब गोल होऊन पानावर नुसता हुंदडायचा, पान कोरडंच. "अळूच्या वड्या आपण सगळे खातो," सर म्हणायचे, "पण त्या पानावर पाणी का थांबत नाही, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांना पडला?" आम्हाला कोणाला पडला नव्हता. पानावर इतके बारीक उंचवटे असतात की थेंबाला बूड टेकायला जागाच मिळत नाही, हे तेव्हा कळलं. आईला घरी जाऊन सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणून तर बेसन दाबून चोळावं लागतं."

मोठ्या गोष्टींशी सरांचं वैर होतं, आणि राहायचे अशा तालुक्यात, जिथं बारशालासुद्धा चौकात फ्लेक्स लागतो. ते निवृत्त झाले तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी प्रेमानं वीस फुटी फ्लेक्स लावला. सर त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "माझ्या चेहऱ्यात एवढा मजकूर नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी तो फ्लेक्स उतरवून घेतला आणि उलटा करून माळ्यावर अंथरला.

त्यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, आणि ती कोणी बोलायचं नाही असा अलिखित नियम होता. सरांचे वडील कल्हईवाले होते, पितळी भांड्यांना आतून कथलाचा थर द्यायचे. भाता आणि कथलाची पिशवी घेऊन गावोगाव पायी फिरायचे. आमच्या डिंगोऱ्यातही देवळापाशी बसायचे, हे आईनं मला सांगितलं होतं. स्टाफरूममध्ये एकदा एक क्लार्क पिण्याच्या पाण्याच्या पितळी पिंपाकडं बघून म्हणाला, "सर, हे तुमच्या घरचं काम, जरा कल्हई करून टाका की." तो चेष्टेनंच म्हणाला होता. सर त्या सबंध सत्रात त्याच्याशी एक अक्षर बोलले नाहीत, आणि त्या पिंपातलं पाणीही प्यायले नाहीत. वर्गात धातूंवरच्या थरांचा धडा आला की जस्ताचा थर, क्रोमचा थर, निकेलचा थर सगळं व्हायचं. कथील आलं की सर पान उलटायचे.

मी शिकून चाकणच्या एका कारखान्यात रंगांची तपासणी करायला लागले. दोन वर्षांनी सरांचा फोन आला. "मी आळेफाट्याला नॅनो लेपनाचा उद्योग सुरू करीत आहे. आपण याल का?" मी म्हटलं, "विचार करायला थोडा वेळ द्या, सर." जीभ चावली, पण उशीर झाला होता. "थोडा म्हणजे किती?" मी घाबरून "आठ दिवस" म्हणाले आणि आठव्या दिवशी हजर झाले.

गाळा हमरस्त्यालगत होता. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला ट्रकचे पाटे ठोकणारं गॅरेज. सिलिकाचे कण ज्यात मिसळायचे त्या द्रवात धुळीचा कण जाता कामा नये, आणि जागा निवडली ती आळेफाट्याला, जिथं नाशिकची गाडी जाते ना जाते तोवर नगरची धूळ येते. चपला बाहेर काढायच्या, उदबत्ती लावायची नाही, दार उघडल्यावर दहा आकडे मोजून मगच बाटलीचं बूच काढायचं, असे नियम होते. पाटी सरांनी स्वतःच्या अक्षरात रंगवली होती. ती वाचायला गिऱ्हाईक इतकं जवळ यायचं की पोचेपर्यंत टायरवाला त्याला आत ओढायचा.

धंदा असा की नॅनो म्हटलं की शेतकऱ्याला नॅनो युरिया खताची बाटली आठवायची. आम्ही ट्रकच्या काचेला, पत्र्याला आणि आतल्या हौद्याला लेप देतो, त्यावर पाणी, चिखल, टोमॅटोचा रस काही धरत नाही, पत्रा गंजत नाही, धुवायला पाणी कमी लागतं, हे ऐकून घ्यायची कोणाला सवड नव्हती. एका ड्रायव्हरनं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "म्हंजी कल्हईच की, राव." सर आत गेले आणि तो जाईपर्यंत बाहेर आले नाहीत. लेप मीच दिला.

सात-आठ महिने असेच गेले. शेवटी गाळ्याचे मालक भाऊ यांनीच शब्द टाकला. भाऊंचा ट्रान्सपोर्टचा धंदा, बारा ट्रक, टोमॅटो आणि कांदा परराज्यात न्यायचा. भाऊ म्हणाले, "सर, एका नव्या ट्रकला करा. दसऱ्याला गाडी पूजेला उभी राहील, चार लोक बघतील. पटलं तर बाराच्या बारा तुमच्या. न्हाई पटलं तर दिवाळीच्या पाडव्याला गाळा मोकळा करा, टायरवाला मागतोय." भाऊ वाईट माणूस नव्हता, पण व्यवहाराला सरळ होता. सरांनी मान डोलावली. हा उद्योग बंद पडला तर जुन्नरला जाऊन माळ्यावरच्या फ्लेक्सवर झोपायचं, एवढंच उरलं होतं, आणि हे त्यांनाही कळत होतं.

त्या ट्रकवर आम्ही तीन आठवडे घालवले. सरांनी नवी नोंदवही काढली आणि त्यांच्या मुंगीच्या अक्षरात चाचण्या मांडल्या. चिखल, डिझेल, टोमॅटोचा रस, कांद्याचं पाणी, चहा, कबुतराची विष्ठा, तंबाखूची पिचकारी. शेवटच्या चाचणीसाठी शेजारच्या गॅरेजवाल्याला सन्मानानं बोलावलं होतं. काहीही धरलं नाही, सगळं खाली ओघळलं. सर इतके खूश झाले की त्या दिवशी चहा मागवताना "थोडी साखर" असं टपरीवाला म्हणाला तरी त्यांनी त्याला सोडून दिलं.

दसऱ्याच्या सकाळी भाऊंच्या आवारात बारा ट्रक ओळीनं उभे होते, झेंडूच्या माळा घालून. पूजा भाऊंची आई करायची. सगळे त्यांना आज्जी म्हणायचे. धंद्यातला अगदी पहिला ट्रक आज्जींच्या मालकांचा, म्हणजे भाऊंच्या वडिलांचा होता. ज्या वर्षी घरात सुतक होतं म्हणून दसऱ्याला गाडीला टिळा लागला नाही, त्याच वर्षी मालक घाटात गाडीसकट गेले. तेव्हापासून आज्जींचा अंगठा लागल्याशिवाय भाऊंचं एक चाक हलत नव्हतं. हे आळेफाट्यावर सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं.

आमचा ट्रक पहिला उभा होता. आज्जींनी ताटातलं भिजवलेलं कुंकू अंगठ्यावर घेतलं, काचेखालच्या पत्र्यावर टेकवलं आणि हात काढला. कुंकवाचा गोल लाल थेंब झाला, क्षणभर तिथं थरथरला आणि सरळ खाली घसरून मातीत पडला. आज्जींनी परत लावलं. परत पडलं. हळदीची बोटं ओढली, ती मण्यांसारखी तुटून ओघळली. पत्रा तसाच चकचकीत, जणू त्याला कोणी हातच लावला नव्हता.

आम्ही पिचकारी तपासली होती, विष्ठा तपासली होती. कुंकू तपासलं नव्हतं. सरांच्या नाही आलं लक्षात, समजू शकते. पण मी दर दसऱ्याला माझ्या स्कूटीला टिळा लावते, आणि माझ्या डोक्यात आलं नाही, याची मला आजही चीड येते.

ड्रायव्हर एकमेकांकडं बघायला लागले. भाऊंचा चेहरा उतरला. आणि मागून कोणीतरी, फार मोठ्यानं नाही पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणालं, "कुणाच्या हातनं लावून घेतलंय, ते बघा की आधी."

गाळा गेला तर दुसरा मिळाला असता. पण तीस वर्षं ज्या माणसानं या तालुक्याची पोरं शिकवली, त्याला ते वाक्य एकदा लागलं की धुऊन निघालं नसतं. मी सरांकडं बघितलं, आणि सरांचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"बघा, बघा," ते पुढं होऊन म्हणाले, "थेंबाचा कोन बघा. दीडशे अंशांच्या वर आहे. कुंकवात पाण्यापेक्षा घट्टपणा जास्त, तरीही टेकायला जागा मिळाली नाही. हा दोष नाही, हा पुरावा आहे." त्यांना ते वाक्य ऐकूच आलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्यांचाही राग आला. माणसानं इतकं बारीक बघावं की समोर उभा असलेला जमाव दिसू नये, याला काय म्हणायचं.

"मास्तर," आज्जी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "कोन-बिन मला कळत न्हाई. पर टिळा न लावता माझ्या मालकाची गाडी गेली व्हती, ती परत आली न्हाई. ह्या गाडीवर आता माझा पोरगा जायचाय."

सर थांबले. आता कुठं त्यांना आवार दिसलं असावं.

"थोडी जागा सोडता येती का?" आज्जींनी विचारलं. "टिळ्यापुरती?"

आणि सर म्हणाले, "थोडी म्हणजे किती?"

भाऊ कळवळून म्हणाले, "सर, आता तरी राहू द्या की ते." मी डोळे मिटले. चाळीस वर्षांची सवय, ती काय वेळ बघून येते. पण गंमत अशी की आजवर ज्या प्रश्नावर तालुका एकतर हसला किंवा चिडला होता, तो आज्जींना अगदी रास्त वाटला. त्यांनी क्षणभर विचार केला.

"हात आना तुमचा," त्या म्हणाल्या.

सरांनी उजवा हात पुढे केला. आज्जींनी अंगठा कुंकवात बुडवला आणि त्यांच्या तळव्यावर मधोमध दाबला. "एवढी," म्हणाल्या.

तिथं मात्र कुंकू धरलं. लाल, स्पष्ट, काठांसकट. सर तळव्याकडं बघत राहिले. मग डाव्या हातानं खिशातून मिलिमीटरचे भाग मोजायचा व्हर्नियर काढला, जो ते आंघोळीलाही बरोबर नेत असतील असा आमचा संशय होता, आणि माझ्या हातात दिला. "वाचा," म्हणाले. भर आवारात, बारा ट्रक आणि पन्नास माणसांसमोर मी सरांच्या तळव्यावरचा टिळा मोजला.

"एकवीस पूर्णांक सहा मिलिमीटर, सर."

"लिहून घ्या."

मागून परत कोणी काही बोललं नाही.

सरांनी गाळ्यातून घासायची बारीक भुकटी आणि कापूस मागवला. पत्र्यावर पेन्सिलीनं एकवीस पूर्णांक सहाचं वर्तुळ काढलं आणि खाली बसून तेवढाच लेप उतरवायला लागले. कापसाचा बोळा दोन बोटांत धरून मनगट एका लयीत गोल फिरत होतं, आतून बाहेर, परत आत. मी त्यांना लेप देताना शेकडो वेळा बघितलं होतं, हा हात कधी बघितला नव्हता. आज्जी शेजारी उभ्या राहून बघत होत्या.

"मास्तर, ह्यो हात वळखीचा वाटतोय," त्या म्हणाल्या. "माझं माहेर डिंगोरं. देवळापाशी एक कल्हईवाला बसायचा. कापूस असाच फिरवायचा तो. भाता घिऊन पायी यायचा. तुमी त्याचं कोण?"

सरांचं मनगट थांबलं. मला वाटलं, झालं, आता ते उठून जुन्नरची एसटी धरणार. ट्रक तसाच, वर्तुळ अर्धवट. मी पुढं होऊन काहीतरी बोलणार होते.

"व्हय, आज्जी," सर म्हणाले. "बाप त्यो माझा."

'व्हय.' माझ्या सगळ्या आयुष्यात मी सरांच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा ऐकला. ते वर बघत नव्हते.

"लई चांगला हात," आज्जी म्हणाल्या. "त्येनं कल्हई केलेल्या भांड्यात आंबट आमटीबी कळकायची न्हाई. आमी दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचो न्हाई भांड्याला."

"पार डोंगरातल्या तळेघर गावापर्यंत जायचे," सर म्हणाले. "पायी." आणि परत घासायला लागले. थोड्या वेळानं, म्हणजे पाचेक मिनिटांनी, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "त्यांचा थर किती जाडीचा असायचा कोणास ठाऊक. मी कधी मोजला नाही." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी कुंकवाचं निमित्त करून पुसलं.

टिळा धरला. आज्जींनी अंगठा काढला आणि तो तिथंच राहिला, बरोबर वर्तुळात. नारळ फुटला, भाऊ गाडीवर चढले, आणि चौथ्या दिवशी सुखरूप परत आले.

पुढं बाराच्या बारा ट्रक आमच्याकडे आले, मग बाकीच्यांचे. ज्या लेपावर काही धरत नाही म्हणून आम्ही सात-आठ महिने घसा कोरडा केला, तो अखेर खपला तो काहीतरी धरणाऱ्या एवढ्याशा जागेमुळं. ड्रायव्हर आता लेपाची चौकशी करतच नाहीत. "आज्जीची जागा सोडता ना?" एवढंच विचारतात. तरणीताठी माणसं अंगठा मोठा आहे, जरा वाढवा म्हणतात. सरांनी कधी वाढवली नाही. माप ठरलेलं आहे, म्हणायचे.

दिवाळीनंतर आज्जींनी भाऊंबरोबर एक पातेलं पाठवलं. माहेरून आणलेलं पितळेचं, स्टील आल्यापासून माळ्यावर पडलेलं. शेवटची कल्हई सरांच्या वडिलांनी केली होती आणि नंतर ते चुलीवर चढलंच नव्हतं. निरोप होता, "मास्तरांना म्हणावं, मोजून घ्या."

आता मोजायचं तर पातेल्याचा तुकडा कापायला हवा. तो घासून, उभा धरून, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. आमच्याकडचं पत्र्यावरचा थर मोजणारं यंत्र पितळेवरच्या कथलाला ओळखत नाही. सरांनी करवत काढली होती. मी दोनदा ती बाकावर बघितली. मग ती परत खणात गेली, आणि पातेलं फळीवर, व्हर्नियरशेजारी. कल्हई हा शब्द मात्र त्यानंतर गाळ्यात राजरोस चालू झाला. कोणी "म्हंजी कल्हईच की" म्हटलं की सर म्हणायचे, "हो. घरचंच काम आहे."

गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला म्हणून सर नाशिकला मुलीकडे राहायला गेले. गाळा मी चालवते. पाटी मोठ्या अक्षरात करून घेतली, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. जाताना त्यांनी सगळी यंत्रं माझ्या हवाली केली, व्हर्नियरसुद्धा. पातेलं तेवढं मांडीवर घेऊन गेले.

परवा जुनी नोंदवही चाळत होते. चिखल, डिझेल, पिचकारी, त्याखाली माझ्या अक्षरात कुंकू, एकवीस पूर्णांक सहा मिलिमीटर. आणि पान उलटल्यावर एक नोंद, जी मी आधी बघितली नव्हती. इतकी बारीक की वही डोळ्यांशी न्यावी लागली.

'पितळी पातेले. आतून कल्हई, वडिलांच्या हातची. थराची जाडी: थोडी.'